गल्लीत मोटर लावलीय म्हणे

उदगीर जिल्हा होणार, अशी बातमी यंदा पुन्हा आली आहे. ही बातमी आमच्याकडं कैरीसारखी येते, उन्हाळ्याच्या तोंडाला, आणि बहुतेक वेळा पाड लागायच्या आत गळून पडते. गेल्या आठवड्यात चहाच्या टपरीवर दोघंजण कलेक्टर कचेरी कुठं बांधायची यावर भांडत होते. एक म्हणत होता, नळेगाव रस्त्याला बांधा. दुसरा म्हणत होता, "तिथं पाणी हाय का आधी?" मी भाजी घेऊन पुढं निघाले होते. घरी आल्यावर कळलं, मेथी घ्यायला गेले होते आणि मेथी सोडून बाकी सगळं आणलं होतं.

जिल्ह्याचा विषय निघाला की माझं असं होतं. लोकांना त्यात कचेऱ्या दिसतात, रुंद रस्ते दिसतात, आपापले प्लॉट दिसतात. मला एक आवाज ऐकू येतो. जुन्या प्रिंटरचा. कर्र, थांबून पुन्हा कर्र. आणि मग दिवसभर अपराधी वाटत राहतं. मी तशी असल्या गोष्टी मनावर घेणारी बाई नाही, म्हणून ते जास्तच लक्षात येतं.

ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षीचा तो उन्हाळा. बाहेरगावच्या माणसाला एवढं सांगितलं की पुरतं. उदगीरलाही रेल्वे येते, पण आमच्या वाट्याला टँकर होते, आणि नळाला पाणी आलं तर आलं. कधी येईल हे पाणी सोडणाऱ्या माणसालाही सांगता यायचं नाही. त्या दिवसांत मी नळाची भाषा शिकले. पाणी यायच्या आधी नळ फुसफुसतो. मग खोकतो. मग गंजाच्या रंगाची एक पिचकारी मारून गप्प होतो, आणि आपण आता काही खरं नाही म्हणून वळलो की धार धरतो. रिकाम्या ड्रमला एक वास असतो, उन्हात तापलेल्या चपलेसारखा. तो वास घरभर असायचा. कूलरच्या गवताला त्या वर्षी पाणी दाखवलंच नव्हतं, कूलर नुसतेच पंखे झाले होते आणि वाळल्या गवतातून गरम हवा तोंडावर फेकत होते. भांडी राखेनं पुसायची, आणि पाहुणा आला की आधी त्याच्या हातात बाटली आहे का ते बघायचं.

आणि नेमकी त्याच वर्षी जिल्ह्याची बातमी जोरात होती. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, नव्या कचेऱ्या म्हणजे नव्या जागा. गावातल्या अभ्यासिका भरून गेल्या. नळाला पाणी नव्हतं आणि अभ्यासिकेत खुर्ची मिळत नव्हती.

माझी धाकटी नणंद रंजना तेव्हा आमच्याकडंच राहायची. सासूबाई गेल्यापासून ती आमचीच होती. तिनं आधी सरकारी भरतीच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, दोन्हीत थोडक्यात गेली होती. माझा नवरा शाळेत मास्तर, त्याला प्रत्येक गोष्टीला मुदत घालायची सवय. त्यानं सांगून टाकलं, "ह्या भरतीत झालं तर झालं. न्हाईतर लोह्याचं स्थळ हाय, त्यांना मी होय म्हणणार."

"स्थळ कुठं पळून चाललंय, दादा?" रंजना म्हणाली. "खतं विकतोय तो. ह्या दुष्काळात त्याला तरी काय काम हाय? बसू द्या थोडं."

ती हसत म्हणाली, पण मला माहीत होतं की अभ्यासाचा हा उन्हाळा तिचा शेवटचा आहे. आणि तो उन्हाळा ती नळाशी बसून घालवत होती. नवरा शाळेत, मी कॉलेजात, मुलगा हॉस्टेलला. घरात राहणारी ती एकटी, म्हणून पाणी तिच्याकडं. पायरीवर बसून गणितं सोडवायची, डोळा पुस्तकात, कान नळात. अभ्यासिकेत तिनं खिडकीजवळची जागा धरली होती, ती आठवड्यातून एखादा दिवस तिच्या कामी यायची. मी सकाळी डबा घेऊन निघाले की ती पायरीवरून पाय बाजूला घ्यायची, मला वाट द्यायला. ते पाय बाजूला घेणं मला बोचायचं. नोकरी माझी होती आणि तिची किंमत ती मोजत होती.

कुणाच्या पाठीवरून हात फिरवणं मला जमत नाही. मला दुरुस्ती जमते.

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. मुलं बिघडवतात, मी नीट करते. नीट होत नाही ते फेकायच्या आधी उघडून बघते. या उघडून बघण्यातून मला मोटरी जमवायचा नाद लागला. टेपरेकॉर्डरमधली मोटर पत्र्याच्या गोल डबीत असते, सेलला जोडली की मांजरासारखी गप्प फिरते. सीडी प्लेअरच्या पोटात दोन-तीन निघतात. एक तबकडी फिरवणारी, एक ट्रे आत-बाहेर करणारी. मोबाइल थरथरतो तो ज्या मोटरीमुळं, ती तर वालाच्या दाण्याएवढी. खेळण्यातल्या गाडीची पिवळ्या डबीत असते, आत दातेरी चाकं, हळू चालते पण ढकलायला लागली की ऐकत नाही. वस्तू मेली तरी तिच्यातला फिरणारा भाग बहुतेक वेळा जिवंत निघतो. बिघडलेलं दुसरंच काहीतरी असतं.

या मोटरींपासून मी छोटे रोबो करायची. रोबो म्हणजे मोठं काही नाही. दात घासायच्या जुन्या ब्रशचं डोकं कापून त्यावर मोबाइलची मोटर आणि घड्याळाचा सेल चिकटवला की तो ब्रश फरशीवर झुरळासारखा पळतो. एक केला होता तो टेबलाच्या कडेला आला की आपण होऊन वळायचा. त्याचा उपयोग काय, असं नवऱ्यानं एकदा विचारलं. मी म्हटलं, पडत नाही हाच उपयोग.

माहेर नांदेडचं. सुट्टीला गेले की आईकडं पिशवी टाकून मी भंगार बाजार गाठायची. तिथं शफीभाईचा ढीग होता, रेडिओ, मिक्सर, प्रिंटर, सगळ्यांची एकमेकांवर पडलेली प्रेतं. मी ढिगात हात घातला की तो म्हणायचा, "बाजी, फिर मोटरां? दुकान डालरे क्या?"

"न्हाई, खेळणी करते."

"बच्चों के वास्ते?"

"माझ्यासाठी."

त्यावर तो मान हलवायचा आणि शेजारच्या दुकानदाराकडं बघून डोळे मोठे करायचा. त्या दुष्काळाच्या वर्षी मी त्याच्याकडून पिशवी भरून आणली होती. एसटीत मांडीवर घेऊन बसले होते. मुखेडच्या पुढं दोन्ही बाजूंची शेतं काळी, भेगाळलेली, बाया रस्त्याकडेला घागरींच्या रांगा लावून टँकरची वाट बघत होत्या. आणि माझ्या मनात काय चाललं होतं? की पिवळ्या डबीच्या चार मोटरी एकसारख्या मिळाल्या, आता चार चाकांचं काहीतरी करता येईल. हे लिहायला बरं वाटत नाही, पण मराठवाड्याच्या घशाला कोरड पडली होती आणि मी मजेत होते. कॉलेज दुपारीच सुटायचं, घरात धुणं कमी, भांडी कमी, पाहुणे कमी. डिंक वितळल्यासारखा सोल्डरचा वास, खिडकीतून येणारी झळ, हातात छोटा स्क्रू. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा उन्हाळा असावा. ही गोष्ट मी अजून कुणाला मोठ्यानं सांगितलेली नाही. काही सुखं चोरीच्या वस्तूसारखी घरातच वापरावी लागतात.

तर रंजनासाठी मी पाणी भरणारं यंत्र करायचं ठरवलं. कॉलेजच्या ऑफिसातला जुना, रुंद कागदाचा प्रिंटर भंगारात निघाला होता. त्याचं डोकं एका लांब दांडीवर इकडून तिकडं पळायचं. मी डोकं काढलं, तिथं नळीचं तोंड बांधलं, दांडी न्हाणीघराच्या भिंतीला ठोकली. खाली दोन ड्रम. ड्रममध्ये थर्माकोलचा तुकडा तरंगत वर आला की बटण दाबलं जायचं, प्रिंटरची मोटर कर्र करून नळीचं तोंड पुढच्या ड्रमवर न्यायची. तिसऱ्या जागी हौद होता, न्हाणीघराच्या फरशीखालचा, गेली दोन वर्षं कोरडा पडलेला. नळ उघडा ठेवायचा आणि घराला कुलूप लावून जायचं. पाणी येईल तेव्हा येईल.

पहिल्यांदा ते चाललं तेव्हा रंजना आणि मी न्हाणीघराच्या दारात उभ्या होतो. पहिला ड्रम भरला. कर्र. दुसरा भरला. कर्र. हौदात पाणी पडल्याचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी. रंजना माझ्याकडं बघून म्हणाली, "वैनी, तुमच्या पाया पडू का त्या प्रिंटरच्या?"

"आधी पुस्तकं घे आणि अभ्यासिकेत जा."

ती पळालीच.

इथं आमच्या गल्लीची रीत सांगायला हवी. रस्त्याकडून पाइप आत येते. आमचं घर दुसरं, आणि अगदी शेवटचं अक्कांचं. अक्का म्हणजे लिंगायत वाण्याच्या घरातल्या, नवरा गेल्यावर किराण्याचं छोटं दुकान चालवायच्या. घरात त्या आणि त्यांची लेक सरोजा. वरच्या घरांनी नळ उघडे ठेवले तर शेवटपर्यंत धार पोचायची नाही. म्हणून रीत अशी, की आपले दोन ड्रम भरले की नळ बंद करायचा आणि दारात येऊन मोठ्यानं ओरडायचं, "सोडलं!" मग खालच्या घरानं भरायचं आणि त्यानंही ओरडायचं. असं "सोडलं, सोडलं" करत पाणी गल्लीच्या टोकाला जायचं, आणि शेवटी अक्कांच्या दारातून कानडीत आरोळी यायची, "नीरु बंतु!" पाणी आलं. ती ऐकली की सगळ्या गल्लीला हसू यायचं आणि काम झाल्यासारखं वाटायचं. ही रीत कुणी ठरवली नव्हती. नगरपालिकेनं तर नाहीच.

आमच्या यंत्राला ओरडता येत नव्हतं. हे माझ्या ध्यानातच आलं नाही. दोन ड्रम भरले की ते तिसऱ्या जागेकडं जायचं, कारण मी त्याला तिसरी जागा दिली होती, आणि हौद काही लवकर भरणारा नव्हता.

दुष्काळात आमच्याकडं "मोटर" या शब्दाचा एकच अर्थ राहतो. मोटर म्हणजे नळाला लावून सगळ्यांच्या वाटचं पाणी ओढून घेणारी चोरटी मोटर. "त्यांनी मोटर लावलीय" म्हणजे त्यांनी चोरी केलीय. आणि इकडं मी वर्षानुवर्षं सगळ्यांदेखत मोटर, मोटर करत होते. पोस्टमनला सांगायची, पार्सलात मोटर आहे, सांभाळून टाका. त्यात पाणी आलं की आमच्या बंद घरातून कर्र असा आवाज.

एका संध्याकाळी गल्लीतल्या सहा-सात बायका दारात आल्या. पुढं अक्का, आणि बाजूला पाणी सोडणारे नागनाथमामा, हातात व्हॉल्व्ह फिरवायची लोखंडी चावी घेऊन.

"बाई," अक्का म्हणाल्या, "तुम्ही मोटर लावलीय म्हणे."

मी म्हटलं, "एक न्हाई, दोन डबे भरून आहेत. कोणती बघायची?"

मागची एक बाई म्हणाली, "बघा, कबूलच करायल्यात!"

मग मी त्यांना आत घेतलं. नळ दाखवला, पाइप दाखवली, प्रिंटर दाखवला. डबे उघडून फरशीवर ओतले. नागनाथमामांनी एक मोटर चिमटीत धरली, दोन्ही बाजूंनी बघितली आणि निकाल दिला, "ही काय पाणी वढती? हिच्यात माशी उडवायचा दम न्हाई." रंजनानं तेवढ्यात ब्रशचं झुरळ सोडलं. ते थेट अक्कांच्या पायाकडं गेलं. "अय्यो!" करून त्यांनी लुगडं वर धरलं आणि उडी मारली, आणि बायकांची हसून हसून मुरकुंडी वळली. कुणीतरी म्हणालं, "बाईच्या घरी झुरळं बी शिकलेली हायत." मी सगळ्यांना चहा केला. साखर जास्त घातली. ओढणारी मोटर वेगळी आणि आपली वेगळी, यावर उभ्या उभ्या एक व्याख्यानही दिलं. मला फार बरं वाटत होतं. निर्दोष सुटण्याइतकी चव कशालाच नसते.

सगळ्यात शेवटी अक्का निघाल्या. जाताना त्या न्हाणीघराच्या दारात थांबल्या, वाकून हौदात बघितलं.

"भरलाय की," म्हणाल्या, आणि गेल्या.

मी कपबशा गोळा करत होते. मी ते ऐकलं, पण त्याचा अर्थ लावला नाही.

काही दिवसांनी रंजना अभ्यासिकेतून आली आणि पिशवी न ठेवताच उभी राहिली. तिची आणि सरोजाची दोस्ती होती. दोघी खिडकीजवळच्या शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसायच्या, एकच पुस्तक दोघींत, एकीनं वाचायचं, दुसरीनं उत्तर द्यायचं.

"वैनी, सरोजा येत न्हाई आजकाल."

"आजारी असंल."

"न्हाई. नळाशी बसलेली असते. आपल्याकडं पाणी येतं तवा त्यांच्याकडं करंगळीएवढी बी धार न्हाई. तांब्या तांब्यानं ड्रम भरायली ती. दिवस जातो तिचा."

"मी मोटर लावलेली नाही. सगळ्यांनी बघितलंय."

"मोटर न्हाई लावली. पण 'सोडलं' बी कुणी म्हणलं न्हाई. कोण म्हणणार? तुमचा प्रिंटर?"

मला राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसा. मी म्हटलं, "हे सगळं मी कुणासाठी केलं? तुझ्यासाठीच ना?"

"तेच तर," ती म्हणाली. "मी तिथं बसते, न् तिच्या खुर्चीवर माझी पिशवी ठेवते. पुस्तकाचं पान वाचते न् उत्तर द्यायला कुणी न्हाई."

मग तिनं न्हाणीघरात जाऊन वायर ओढून काढली आणि पायरीवर जाऊन बसली. मी आत भाकरी थापत होते. ती परत आत येईल असं मला वाटत होतं. ती आली नाही.

माझी आई लोह्याजवळच्या खेड्यातली. ती लहान असताना त्यांना विहिरीवर चढायची मुभा नव्हती. घागर खाली ठेवायची आणि कुणाला तरी दया येऊन वरून पाणी ओतेल, म्हणून उन्हात उभं राहायचं. आई हे सांगताना कधी रडली नाही. एवढंच म्हणायची, "वरच्याला खालचं माणूस दिसतच न्हाई गं. वाईट नसतो तो. दिसत न्हाई त्याला." मी ही गोष्ट कॉलेजात जयंतीच्या भाषणात सांगितली आहे, टाळ्या घेतल्या आहेत. पाइपवर आमचं घर दुसरं आणि अक्कांचं शेवटचं. त्या उन्हाळ्यात वरच्या बाजूला मी होते. मी वाईट नव्हते. मला दिसलं नाही.

मी यंत्र बदललं. माफी मागायला गेले नाही, यंत्र बदललं. जुन्या वॉशिंग मशीनचा पाणी बंद करणारा व्हॉल्व्ह बसवला. दोन ड्रम भरले की नळ बंद. हौदाची जागा काढून टाकली. आणि नांदेडहून आणलेल्या त्या चार पिवळ्या मोटरींचा एक रोबो केला. बुटाच्या खोक्याएवढा, चार चाकं, बाजूला सायकलच्या तारेची मिशी. मिशी भिंतीला घासत घासत तो गटाराच्या फरशीवरून गल्लीच्या टोकापर्यंत जायचा आणि अक्कांच्या पायरीला उभं केलेलं स्टीलचं ताट डोक्यानं वाजवायचा. घरातले ड्रम भरून नळ बंद झाला की दाराची खालची फळी काढून केलेल्या भोकातून हा बाहेर.

लोकांनी त्याचं नाव "सोडलं" ठेवलं. "सोडलं आला गं!" म्हणून बायका पदर सावरत बाहेर यायच्या. एकदा शेळीनं त्याची वायर चावली. एकदा तो अर्ध्या रस्त्यात वळून दुसऱ्याच घरात शिरला आणि देवघरापुढं जाऊन चाकं फिरवत बसला. नागनाथमामा म्हणायचे, "नगरपालिकेत घ्या ह्याला, आमच्यापेक्षा येळेवर हाय."

आता हिशेबानं सांगायचं तर एवढं काही लागत नव्हतं. यंत्र थांबल्याचं ऐकून शेजारच्या बाईनं हाक मारली असती तरी भागलं असतं. अक्कांना एक फोन लावता आला असता. पण मला रोबो करायचा होता. अपराध धुवायलासुद्धा मी माझ्या आवडीचंच काम शोधलं.

सरोजा पुन्हा अभ्यासिकेत जायला लागली. मधले दिवस मात्र गेलेच होते.

परीक्षा नांदेड जिल्ह्याच्या भरतीची होती, नांदेडलाच. दोघींना घेऊन मी एसटीनं निघाले. माझ्या आईकडं मुक्काम करायचा ठरलं होतं. खिडकीतून भट्टीची हवा येत होती, दोघी एकमेकींना प्रश्न विचारत होत्या. "नळ आणि टाकी" असा एक धडा असतो स्पर्धा परीक्षेच्या गणितात. एक नळ टाकी अमुक तासांत भरतो, दुसरा तमुक तासांत रिकामी करतो, दोन्ही सोडले तर किती वेळ लागेल. रंजनानं त्यातलं एक विचारलं. सरोजा हसली.

"हा धडा माझा राहिलाय बघ. पुस्तकातला नळ कायम चालूच असतो, वैनी. मला पटतच न्हाई ते."

रंजनाही हसली, मग तिनं वही उघडली. तिनं तो धडा कोणत्या दिवसांत केला होता हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. खुर्चीवर पिशवी ठेवून केला होता. मुखेडपर्यंत ती सरोजाला ती गणितं समजावत होती, एसटीच्या धक्क्यांनी आकडे वेडेवाकडे पडत होते, आणि मी बाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

पेपर झाल्यावर दोघी फाटकातून बाहेर आल्या. सरोजा रुमालानं मान पुसत म्हणाली, "आला होता की तुमचा नळ. तीन गणितं होती."

"तुमचा" म्हणजे पुस्तकातला, असं मी तेव्हा धरलं.

रंजनाचं काम झालं. तिची नेमणूक नांदेड जिल्ह्यात झाली, माहूरच्या बाजूला. लोह्याचं स्थळ थांबून थांबून दुसरीकडं गेलं, आणि रंजनानं पुढं आपल्या पसंतीनं लग्न केलं. सरोजा थोडक्यात राहिली. नंतरही बसली ती परीक्षांना, दुकान सांभाळत सांभाळत. जिल्हा काही झाला नाही. ज्या जागांच्या आशेवर सगळं गाव पुस्तकं घेऊन बसलं होतं, त्या जागा निघाल्याच नाहीत. वयाची अट येऊन गेली. आता अक्कांच्या दुकानावर तीच बसते. अक्का आत खाटेवर असतात, त्यांना ऐकू येत नाही.

तीन गणितांनी सगळं फिरलं असतं का? मी शास्त्राची बाई आहे, मला माहीत आहे की एका कारणाला एकच परिणाम चिकटवता येत नाही. तिला इंग्रजी कच्चं होतं. त्या दिवशी तिचं डोकं दुखत होतं. रंजना मुळात हुशार होती. हे सगळं मी स्वतःला किती वेळा सांगितलंय. अपराधी वाटण्याला पुरावा लागत नाही हीच त्यातली अडचण आहे. पुरावा असता तर मी तो उघडून बघितला असता, नीट तरी केला असता, नाहीतर फेकून दिला असता.

काल मी तिच्या दुकानात गेले. ती गुळाची ढेप फोडत होती. मांडीत पोतं, हातात बत्ता. जिल्ह्याचं बोलणं निघालंच.

"होऊ द्या की," ती म्हणाली. "कलेक्टर कचेरी झाली की बाहेर झाडाखाली टेबल टाकते. अर्ज लिहून देईन लोकांचे. आतल्या परीक्षेला वय लागतं, झाडाखाली काय लागतंय?"

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी विचारलं. इतकी वर्षं विचारायचं टाळलं होतं, ते गुळाचा वास घेत उभ्या उभ्या विचारलं. "सरोजा, त्या वर्षी तुझं माझ्यामुळं राहिलं का?"

तिनं बत्ता थांबवला नाही. दोन घाव घातले, खडा सुटला, तो तराजूत टाकला. मग माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"होय म्हणलं तर तुमाला बरं वाटंल, वैनी, का न्हाई म्हणलं तर?"

मी पर्समधले सुटे पैसे मोजले, मग पुन्हा मोजले.

"ठरवा सावकाश," ती म्हणाली, आणि पुडी बांधायला दोरा ओढला. "न् मला सांगा. तुम्ही म्हणाल तसं म्हणते मी."